बंद एसीची गाडी

“तोंड बंद ठेव,” बाबा म्हणाले.

त्याआधी हे मला आयुष्यात पुष्कळ जणांनी सांगितलं होतं. शाळेत बाईंनी, सासरी सगळ्यांनी, एकदा तर भर मांडवात भटजींनीसुद्धा. पण त्यात माझं भलं असल्याचा हा पहिलाच प्रसंग. मी गाडीखाली उताणी पडले होते आणि माझ्या नाकापासून टीचभर वर, कंप्रेसरच्या बुडाशी, काळ्या तेलाचा एक थेंब सुटू की नको अशा विचारात लोंबत होता. ‘का?’ असं विचारायला मी तोंड उघडलं आणि त्याचा विचार पक्का झाला.

“चव कशी आहे?” बाबांनी वरून विचारलं.

मी थुंकत सांगितलं, कडू.

“मंग जयलं आतून. कंप्रेसर खलास. उतरव त्याले.”

दोन हजार नऊ सालचा मे महिना. अकोल्यात पारा सेहेचाळिसावर होता. घराच्या पुढच्या बाजूला बाबांचं दुकान, ‘उंबरकर कूलिंग’. फ्रीज, एसी, गाड्यांचे एसी, सगळं तिथं दुरुस्त व्हायचं. दुकानापुढच्या पत्र्याच्या सावलीत माझी गाडी, गाडीच्या चारी बाजूंना लाकडाचे ठोकळे आणि समोर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बनियनवर बसलेले माझे वडील श्रीपत उंबरकर. वय सदुसष्ट. डोक्यावर ओला पंचा. त्यांच्या हातात काही नव्हतं. काम सगळं माझ्या हातात होतं, आणि मी आदल्या आठवड्यापर्यंत परभणीच्या एका शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवणारी बाई होते.

आदल्या दिवशी, मंगळवारी दुपारी दोन वाजता, मी परभणीहून गाडी चालवत घरी आले होते. हिंगोली, वाशीम करत पातूरचा घाट उतरले तेव्हा स्टिअरिंगला हात लागत नव्हता. ओढणी भिजवून हाताला गुंडाळली होती, ती वीस मिनिटांत पापडासारखी कडक व्हायची. एसी तीन वर्षांपासून बंद. नवऱ्यानं त्याची वायर काढून ठेवली होती, का तर खरखर आवाज येतो. दुरुस्त करू म्हटलं की म्हणायचा, तुला भाजीबाजारापर्यंत जायला एसी कशाला हवा. त्याला कंपनीची जीप होती. खतं विकायचा, पण जीप थंडगार.

मी दारात उतरले तेव्हा माझा चेहरा टमाट्यासारखा झाला असणार. बाबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग गाडीला पाहिलं आणि विचारलं, “एसी बंद आहे का?”

मी म्हटलं, कंप्रेसर गेलाय. उन्हाळ्याची सुटी लागली, म्हटलं चार दिवस यावं.

“बरं,” बाबा म्हणाले आणि माठातलं पाणी घेऊन आले. तांब्या अर्धाच भरलेला होता. मला तहान इतकी होती की मी तो दोनदा भरून आणायला लावला. दोन्ही वेळा अर्धाच आला.

आई जाऊन आठ वर्षं झाली होती. घरात बाबा एकटेच. दुकानाचं शटर मात्र खाली ओढलेलं पाहून मला नवल वाटलं. विचारलं तर म्हणाले, गिऱ्हाईक नाही. मे महिन्यात कूलिंगवाल्याकडे गिऱ्हाईक नाही म्हणजे पोळ्याच्या दिवशी बैलाला कुणी विचारत नाही म्हणण्यासारखंच झालं. पण मी स्वतःच सुटीची थाप मारून आत शिरलेली. दुसऱ्याच्या थापेला हात घालायची माझी हिंमत नव्हती.

संध्याकाळी मी म्हटलं, गाडी उद्या एखाद्या गॅरेजला टाकते. बाबांनी जेवता जेवता घास खाली ठेवला.

“उंबरकरच्या पोरीची गाडी दुसऱ्याच्या दारात? उद्या लोकं माह्या मयतीले येतीन अन् हासतीन.”

मग तुम्ही करा, मी म्हटलं. त्यावर त्यांची कंबर धरली होती, मग चष्म्याचा नंबर बदलला होता, मग वाकलं की चक्कर येत होती. शेवटी म्हणाले, मी सांगतो, तू कर. मला हसू आलं. मी बारा वर्षांची असताना दुकानात गॅसचा दाब मोजायचं गेज हातात घेऊन बघत होते, तेव्हा याच माणसानं ते काढून घेतलं होतं आणि सांगितलं होतं की पोरींना गॅसचं काम शिकवत नसतात. शिकवलं ते चुलतभावाला. तो आता विमा विकतो.

तर बुधवारी सकाळी मी गाडीखाली गेले.

आधी बॅटरीची एक वायर काढली. मग राहिलेला गॅस गेज लावून सिलिंडरमध्ये ओढून घेतला. बाबांचा कडक नियम होता, गॅस हवेत सोडायचा नाही. मग पट्टा सैल करायचा, तो काढायचा, कंप्रेसरच्या दोन्ही नळ्या सोडवायच्या आणि मग चार बोल्ट. सांगायला हे दोन वाक्यांत होतं. करायला सकाळचे सात ते दुपारचा एक लागला. त्यातले दोन तास एकट्या चौथ्या बोल्टनं खाल्ले. तो अशा जागी होता की हात गेला तर डोळा जात नव्हता आणि डोळा गेला तर हात. मी खालून बाबांना विचारलं, ही गाडी ज्यानं बनवली त्याला बायको होती का. बाबा म्हणाले, असन, म्हणूनच त्यानं सूड घेतला.

बाबांची शिकवायची पद्धत वेगळी होती. ते काय करायचं ते सांगत नसत. काय केलं की काय बिघडेल ते सांगत. नळी ओढली की फाटेल. पाना आडवा लावला की बोल्टचं डोकं गोल होईल. गोल झालं की मग तुझं डोकं आणि बोल्टचं डोकं सारखंच. मी शाळेत मुलांना ज्या भाषेत शिकवत होते ती आठवून मला वाईट वाटलं. इतकं नीट कुणाच्याच लक्षात राहिलं नसणार.

कंप्रेसर खाली आला तेव्हा तो माझ्या पोटावर आला. नारळाच्या पोत्यासारखा जड. मी तसाच पोटाशी धरून सरपटत बाहेर आले. बाबांनी तेल एका काचेच्या मापात ओतायला लावलं, कारण जेवढं निघालं तेवढंच नव्यात घालायचं असतं. तेलात चंदेरी भुगा चमकत होता. म्हणजे आतल्या आत झिजून त्याचा चुरा साऱ्या नळ्यांमधून फिरत होता. नुसता कंप्रेसर बदलून भागणार नव्हतं. नळ्या धुवायच्या, पुढची जाळी धुवायची, ओलावा शोषणारी ती छोटी बाटलीही बदलायची.

“वरून गाडी चांगली दिसते,” बाबा म्हणाले. “चुरा आतूनच होत असते.”

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते मापातल्या तेलाकडे बघत होते.

दुपारभर नवऱ्याचे फोन येत होते. सुधीर त्याचं नाव. सुधीर काळबांडे. पहिला फोन गाडी कुठे आहे हे विचारायला. दुसरा, गाडी सावलीत लावली का. तिसरा, गाडीचे कागद ड्रॉवरमध्ये नाहीत, तू नेलेस का. चौथ्या फोनपर्यंत मी वाट पाहिली की हा एकदा तरी ‘तू कशी आहेस’ विचारेल. चौथा फोन टायरमध्ये हवा भरली का, यासाठी होता. पाचवा मी उचलला नाही.

पार्ट आणायला टिळक रोडला मीच गेले, बाबांच्या स्कूटरवर, ग्रीसच्या हातांनी. दुकानदारानं चिठ्ठी वाचली आणि माझ्या मागे कुणी येतंय का ते पाहिलं. मिस्त्री कुठं आहे, त्यांच्याशी बोलायला लागेल, म्हणाला. मी म्हटलं, बोला. त्यानं पुन्हा माझ्या मागे पाहिलं. मग माझ्या नखांकडे पाहिलं आणि मुकाट्यानं खोकं काढून दिलं.

गुरुवारी सकाळी नवा कंप्रेसर चढवला. उतरवताना दोन तास खाल्लेला बोल्ट चढताना एका दमात बसला, तेव्हा मी गाडीखाली एकटीच हसले. नळ्या जोडल्या, पट्टा चढवला, बॅटरीची वायर आणि नवऱ्यानं काढलेली एसीची वायर परत लावली. मग व्हॅक्यूम पंप लावला. हा पंप नळ्यांमधली हवा आणि ओलावा ओढून काढतो. पाऊण तास चालवायचा, मग बंद करून गेजच्या काट्याकडे बघत बसायचं. काटा जागेवर राहिला तर पास. हलला तर कुठंतरी गळती आहे.

काटा हलला. सावकाश, लाजत, पण हलला.

“श्वास घेऊन राह्यली कुठंतरी,” बाबा म्हणाले.

तो श्वास सापडायला अर्धा तास लागला. एका नळीच्या तोंडाशी रबराची बारीक कडी असते, ओरिंग म्हणतात तिला. जुनी कडी खाचेला चिकटून राहिली होती आणि मी तिच्यावरच नवी बसवली होती. नववीच्या वर्गात अशी चूक करणाऱ्याला मी बाकावर उभं केलं असतं. नळी पुन्हा सोडवली. जुनी कडी खरवडून काढली. माझे हात तेलकट होते म्हणून बाबा म्हणाले, आण ती नवी, मी बसवतो.

ते खुर्चीवरून उठले, बॉनेटवर वाकले आणि चिमटीत कडी धरली. कडी खाली पडली. मी उचलून दिली. त्यांनी श्वास रोखून पुन्हा धरली. आता मला ते दिसलं. त्यांचा उजवा हात मनगटापासून थरथरत होता, उन्हात पाण्यावर पडलेला उजेड हलतो तसा. कडी पुन्हा पडली आणि गडगडत इंजिनाच्या पोटात गेली.

त्यांनी हात बनियनला पुसला. पुसण्यासारखं हाताला काही नव्हतं.

मी पाकिटातून दुसरी कडी काढली, तेलात बुडवली आणि बसवली. नळी घट्ट केली. पंप चालू केला. दोघंही जमिनीवर बसलो, गाडीच्या चाकाला टेकून. पंपाची घरघर चालू होती.

“सहा महिने झाले,” बाबा म्हणाले. “डॉक्टर म्हणते हे आता वाढनच. दुकान बंद केलं. लोकायचं नुकसान नको.”

अर्धा तांब्या का, ते मला तेव्हा कळलं. कंबर, चष्मा, चक्कर, सगळ्याचा उलगडा झाला.

“तुह्या नवऱ्याले नको सांगू,” ते म्हणाले. “बाहेर बोलन तो.”

“मी त्याला काहीच सांगणार नाहीये,” मी म्हटलं. “आता कधीच.”

बाबांनी मान हलवली. त्यांना जराही आश्चर्य वाटलं नाही.

“मे महिन्यात, भर दुपारी, बंद एसीच्या गाडीत घाट उतरून कोणी सुटीले येत नसते, रेणू.”

मग मी सांगितलं. शनिवारी मुख्याध्यापिकेचा फोन आला होता, तुमचा राजीनामा मिळाला, वाईट वाटतं, म्हणून. मी राजीनामा दिलाच नव्हता. शाळेत जाऊन कागद पाहिला. टाइप केलेला, खाली माझी सही. घरी येऊन सुधीरला विचारलं तर तो पेपर वाचत होता. म्हणाला, हो, मीच दिला, तुझी दगदग होते, घराकडे लक्ष राहत नाही. पेपराचं पान उलटलं. मंगळवारी तो आंघोळीला गेल्यावर मी खुंटीवरच्या त्याच्या पँटीतून गाडीची किल्ली काढली. गाडी बाबांनी लग्नात दिलेली, माझ्या नावावर, पण नऊ वर्षांत किल्ली माझ्याकडे मागितल्याशिवाय आली नव्हती.

मला वाटलं, बाबा आता परत जा म्हणतील, किंवा शिव्या घालतील. त्यांनी एकच विचारलं.

“सही कशी केली होती त्यानं?”

“हुबेहूब.”

“म्हणजे सराव केला असन.”

हे मला सुचलंच नव्हतं. पाच दिवस मी एका सहीवर रडत होते. तो टेबलाशी बसून, कोऱ्या कागदावर, माझं नाव पुन्हा पुन्हा गिरवत असेल, आणि मी शेजारच्या खोलीत त्याच्या डब्याला पोळ्या लाटत असेन, हे बाबांनी दोन शब्दांत समोर उभं केलं. तिथून पुढे मला रडू आलं नाही.

पंप थांबवला. काट्याकडे बघत बसलो. दहा मिनिटं, वीस मिनिटं, अर्धा तास. काटा मेल्यासारखा पडून होता. बाबा म्हणाले, भर गॅस.

इंजिन चालू करून गॅस भरला, वजन बघत, थोडा थोडा. कंप्रेसरनं ‘टक’ असा एक आवाज करून चाक पकडलं. मी आत बसले आणि हवेच्या जाळीपुढे हात धरला. आधी गरम, मग कोमट, आणि मग फ्रीजचं दार उघडावं तशी हवा. बाबा शेजारी येऊन बसले, दार लावलं, पंचा काढून मांडीवर ठेवला. मी त्यांचा थरथरता हात जाळीपुढे धरला. आम्ही पंधरा मिनिटं तसेच बसलो होतो. रस्त्यावरून जाणारे बघत होते, की या दोघांना कुठं जायचंय आणि हे जात का नाहीत.

शुक्रवारी अकरा वाजता सुधीर आला, जाताना गाडी न्यायची म्हणून एसटीनं, सोबत भगवानमामांना घेऊन. भगवानमामा म्हणजे त्याचे सख्खे मामा, वाशिमचे, निवृत्त तलाठी. घरात कुणाचं लग्न मोडायला आलं की जोडायला आणि जुळायला आलं की मोडायला यांनाच नेतात. शरीर अवाढव्य. घामानं सदरा पाठीला असा चिकटला होता की आतल्या जानव्याचे धागे मोजता यावेत. त्यांनी पाच मिनिटं नुसतं पाणी प्यायलं. मग संसार, दोन भांडी, आवाज, वगैरे म्हटलं. ते पाठ होतं, मधेच थांबले तर पुन्हा पहिल्यापासून म्हणावं लागलं असतं, म्हणून आम्ही थांबवलं नाही.

सुधीर म्हणाला, राजीनाम्याचं एवढं काय, तुझ्याच भल्यासाठी केलं. बाबा त्याला म्हणाले, बापू, सही लय चांगली जमली तुमाले, कधीपासून शिकून राह्यले होते? मामांनी सुधीरकडे पाहिलं. सहीचं त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

“किल्ली दे,” सुधीर मला म्हणाला. “निघू.”

मी म्हटलं, मीच सोडते, चला. त्याला वाटलं मी निघाले परभणीला. माझ्या हातात पिशवी नव्हती हे त्याच्या लक्षात आलं नाही. नऊ वर्षांत माझ्या हातात काय आहे याकडे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं.

मामा मागे बसले आणि एसी लागताच डोळे मिटून ‘आहाहा’ म्हणाले. सुधीरनं जाळीपुढे हात धरला. कुठं करून घेतलास, फसवलं असणार तुला, म्हणाला. मी म्हटलं, घरी. कुणी केला? मी. तो हसला आणि मागे वळून मामांनाही हसवायचा प्रयत्न केला. मामा तोवर वाऱ्यासमोर तोंड पुढे करून बसले होते.

“बरं झालं,” सुधीर म्हणाला. “आता ही गाडी मला टूरला होईल. कंपनीची जीप काढून घेतायत पुढच्या महिन्यापासून.”

मी ऐकून घेतलं. स्टँडच्या फाटकाशी गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला.

“साडेबाराची परभणी लागली असेल,” मी म्हटलं. “गाडी माझ्या नावावर आहे. कागद माझ्याकडे आहेत. शाळेला मी काल पत्र टाकलंय की ती सही माझी नाही. पुढचं वकील सांगेल. उतरा.”

सुधीर मामांकडे बघू लागला. ते खास याच कामासाठी आले होते. मामा म्हणाले, “दोन मिनिटं बसू दे रे, फार बरं वाटतंय.” मग त्यांनी माझ्याकडे वाकून, भाचीशी बोलावं तशा आवाजात विचारलं, “जीपचा करशील का गं? माझ्या स्वतःच्या. दोन उन्हाळे झाले, नुसतं फुंकतो.”

मी म्हटलं, घेऊन या.

सुधीर दार आपटून उतरला. मामाही कण्हत उतरले. मी गाडी वळवायला लागले तेव्हा सुधीर माझ्या बाजूनं आला आणि काचेवर बोटं वाजवली. उन्हात त्याचं तोंड लाल झालं होतं आणि तो काहीतरी बोलत होता, बरंच बोलत होता. काच वर होती, पंखा शेवटच्या नंबरवर होता. मला एक शब्द ऐकू आला नाही. मी पहिला गिअर टाकला.

आठवड्यानं मामा जीप घेऊन आले, एकटेच. दुकानाचं शटर वर होतं, बाबा खुर्चीवर, मी पाना घेऊन. मामांना फार वाईट वाटत होतं. त्या दिवशी सुधीर काचेबाहेरून काय म्हणत होता ते त्यांनी शेजारी उभं राहून ऐकलं होतं, आणि मला सांगावं म्हणून ते तीन वेळा घसा खाकरून तयार झाले.

“मामा,” मी म्हटलं, “बॉनेट उघडा.”